गादीचा कान

आधीच सांगून ठेवतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडतील, त्या पोटात घाला. शाळा लवकर सुटली, मग हातात पेन कमी आणि कापूस जास्त आला. मोठे शब्द मला येत नाहीत, आले तरी वापरताना लाज वाटते. "मी" असं लिहायला घेतलं की हात अडतो, म्हणून "तो" लिहिलंय. बाकी जसं झालं तसं.

१

गाद्यांचं दुकान दोन खोल्यांचं. पुढची खोली रस्त्यावर उघडणारी. तिथे लाकडी फळ्यांची रुंद बैठक आणि भिंतीला टेकवलेल्या रिकाम्या खोळी. मागच्या खोलीत कापूस पिंजायचं मशीन. मागे खिडकी एकच, आणि तिच्यावर कापसाची तूस अशी बसलेली की बाहेर ऊन आहे का ढग आहेत, कळायचं नाही. वरच्या मजल्यावर घर, तिथे आई.

मागे तो असायचा आणि पुढे ताई. तो जुन्या गाद्या उसवायचा, वर्षानुवर्षं अंगाखाली दबून दगड झालेला कापूस हाताने मोकळा करून मशीनला द्यायचा. दुसऱ्या बाजूने तोच कापूस ढगासारखा फुगून बाहेर यायचा. ताई तो खोळीत भरायची, बैठकीवर मांडी घालून बसायची आणि टाके घालायची. तोंडात लवंग, कारण तूस घशात बसते. दोरा आधी मेणाच्या तुकड्यावरून ओढून घ्यायचा. मग दाभण गादीच्या आरपार, आणि दोरा जाड कापडातून यायचा, सर्रर्र. गाठ आवळली की ती तिथे बोटाने टिचकी मारायची. टक.

मशीन थांबलं की त्याला मागे तेवढंच ऐकू यायचं. सर्रर्र, टक. तो तिच्याहून बराच लहान. बाप त्याला नीटसा आठवत नव्हता. ताईने काम शिकवलं, ताईनेच कान धरला, आणि घरात त्याचं नाव पाडलं तेही तिनेच, बारक्या.

तिची गाठ वेगळी होती. बाकीचे लोक दोन वेढे देऊन दोरा कापतात. ताई दोन वेढे द्यायची आणि शेवटी छोटासा फासा सोडायची, वाकलेल्या कानासारखा. गिऱ्हाईक विचारायचं, "हे काय राहिलंय?"

"राहिलं नाही, ठेवलंय. हा गादीचा कान. घरात कोण काय बोलतं ते ऐकून मला येऊन सांगतो."

गिऱ्हाईक हसायचं, पण घरी गेल्यावर दोन दिवस तरी बिछान्यात जपून बोलत असेल.

संध्याकाळी उजेड कमी झाला की तो मागून ओरडायचा, "ताई, मशीन बंद!" तेवढं म्हटलं की ताई हातातला टाका पुरा करायची, दाभण खोळीच्या कडेला टोचून ठेवायची आणि उठायची. त्याने म्हटल्याशिवाय ती कधी उठली नाही.

मग एका थंडीत तिला छातीचं दुखणं झालं आणि त्यातच ती गेली.

२

शेवटचे दिवस ताई स्वतः शिवलेल्या उशीवर पडून होती. तापाने उशी घामाने चिंब व्हायची, वाळायची, परत भिजायची. ती गेली त्या दिवशी आईने उशी उचलली, ओली होती तशीच पत्र्याच्या पेटीत ठेवली आणि झाकण लावलं. त्यानंतर आई बोलेनाशी झाली. ताट समोर ठेवलं तर जेवायची, नाहीतर भिंतीकडे बघत बसायची.

बऱ्याच महिन्यांनी एकदा तिने आपणहून तोंड उघडलं. "बारक्या, ताईच्या उशीतला कापूस माझ्या उशीत भरून दे."

या धंद्यात एक नेम आहे, तो ताईनेच त्याला शिकवला होता. आजारी माणसाच्या बिछान्यातला कापूस पिंजायचा नाही. बाहेर नेऊन जाळायचा. आणि कुठलाही जुना कापूस उघडताना नाकावर ओलं फडकं बांधायचं, मग कितीही उकडू दे.

पण आई महिन्यांनी बोलली होती. तो उशी घेऊन मागच्या खोलीत गेला. खोळीवर काळे ठिपके पडले होते, मिरी सांडल्यासारखे. त्याने फडकं भिजवलं, बांधलं, उशी उसवली. फडक्यातून कसलाच वास येईना. ताईचा काहीतरी वास त्यात असणारच, असं त्याला वाटत होतं. त्याने फडकं खाली ओढलं आणि तोंड कापसात खुपसलं.

होता. कुबट, ओलसर, आणि त्याच्या तळाशी लवंग. तो किती वेळ तसा बसला होता कोण जाणे. मग त्याने तो कापूस पिंजला, आईची उशी भरली आणि वर नेऊन दिली. आई त्या रात्री शांत झोपली.

३

सुरुवात सर्दीने झाली. सर्दी कुणाला होत नाही? पण ही जाईना. डावा गाल जड, डाव्या बाजूचे दात ठणकतात, सकाळी नाकातून तपकिरी गाठी. औषधं झाली, वाफ झाली. हळूहळू वास यायचा बंद झाला. एक दिवस मशीनचा पट्टा घासून जळायला लागला आणि हा तिथेच उभा राहून कापूस देतोय! समोरचा चावीवाला धावत आला तेव्हा कुठे बटण बंद झालं.

"गादीवाले शेठ, सगळी गल्ली खोकायला लागली आणि तुम्ही आपले खुशाल!"

"वासच येत नाही हो मला."

"नाकाला कुलूप लागलंय तुझ्या. ये, किल्ली करून देतो. जुनं गिऱ्हाईक म्हणून निम्म्या भावात."

पण चावीवाल्यानेच त्याला ओढत कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी फोटो काढले. डाव्या गालामागे हाडाची एक पोकळ खोली असते म्हणे, सगळ्यांनाच असते. त्याची खोली भरली होती.

"बुरशी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काम काय करतोस? कापसाचं? मग बरोबर."

ऑपरेशन झालं. खोलीचं दार मोठं करून आतलं सगळं काढलं. थोड्या दिवसांनी बुरशी परत आली. परत काढली, परत आली. "चिवट आहे, पण आपणही चिवट व्हायचं," असं सांगून डॉक्टरबाईंनी त्याला नाक धुवायला शिकवलं. कोमट पाणी, मीठ, रबराची बाटली. बेसिनवर वाकायचं, मान तिरकी करायची, तोंड उघडं ठेवायचं आणि बाटली दाबायची. पाणी एका नाकपुडीतून आत जातं आणि दुसरीतून बाहेर पडतं. पहिल्यांदा बुडाल्यासारखं वाटतं. मग दात घासावेत तसं अंगवळणी पडतं.

त्याच्याही पडलं. सकाळ-संध्याकाळ तो नाक धुवायचा, काय निघालं ते बघायचा, नळ सोडायचा आणि कामाला लागायचा. दुःख करायला सवडच उरायची नाही, तसं ते बरंच होतं.

४

एके सकाळी असाच वाकलेला असताना पाणी वाहून गेलं आणि त्याला लवंगेचा वास आला.

तो तसाच वाकून राहिला. वास येतोय म्हणजे नाक सुधारतंय, असं मनाशी म्हणाला. मग त्याने फिनेलची बाटली उघडून नाकाशी धरली. काही नाही. नासलेलं दूध हुंगलं, काही नाही. खाली जाऊन रॉकेलचा डबा उघडला. डोळ्यांत पाणी आलं, पण वास म्हणून नाही. लवंग तेवढी होती. लवंग आणि तिच्या मागून मेण.

डॉक्टरबाई मागे म्हणाल्या होत्या की बिघडलेलं नाक खोटे वास दाखवतं. नस दुखावली की डोकं आठवणीतलं काहीतरी काढून पुढे ठेवतं. त्याला ते पटलं होतं. आताही त्याने ते मनात म्हणून घेतलं आणि टॉवेलसाठी वळला.

टॉवेल घेऊन आई दारात उभी होती. नाक वर करून, डोळे मिटून.

"लवंग कुणी खाल्ली रे?" ती म्हणाली.

५

त्या दिवसापासून आई सुधारली. यात खोटं नाही, ती खरंच सुधारली. वेळेवर उठायला लागली, केस विंचरायला लागली, खाली येऊन दुकानात बसायला लागली. चावीवाला म्हणाला, "माउली हसली आज, दुकानाचं छप्पर सांभाळा." तोही हसला. फक्त आई नेहमी त्याच्या डाव्या बाजूला बसायची, आणि बोलताना त्याच्या डोळ्यांकडे बघायची नाही, जरा खाली बघायची, गालाकडे.

एका दुपारी जेवण करून तो उजव्या कुशीवर पडला होता. डोळा लागला. जाग आली ती कसल्याशा आवाजाने. श्वास आत घेतला की सर्रर्र. मग थोडं थांबून, टक.

चोंदलेलं नाक आवाज करतंच. कितीतरी लोक झोपेत शिट्ट्या वाजवतात. तो हा विचार पुरा करतोय तोच त्याच्या लक्षात आलं, गालाला काहीतरी ऊबदार टेकलंय. आई खाली वाकली होती. तिचा कान त्याच्या डाव्या गालाला टेकलेला होता.

"आई?"

"गप्प बस जरा," आई हलकेच म्हणाली. "ऐकू येत नाही तू बोललास की."

"काय ऐकू येत नाही?"

"बसलीये ती. काम चाललंय तिचं."

तो हलला नाही. छताला एक ओल आली होती, तिच्याकडे बघत पडून राहिला. आईचे केस त्याच्या मानेवर येत होते. लहानपण सोडलं तर आईने त्याला इतकं जवळ कधी घेतलं नव्हतं, आणि आत्ताही तिने त्याला जवळ घेतलेलं नव्हतं. हे त्याला कळत होतं. तरी त्याने बराच वेळ श्वास हळू घेतला, तिला नीट ऐकू यावं म्हणून.

मग नाक धुवायची बाटली हरवू लागली. कधी झाकण सापडायचं नाही, कधी मिठाचा डबा रिकामा असायचा. त्याने नवी बाटली आणली तर आई म्हणाली, "सारखं काय धुतोस रे? तिला काय वाटत असेल?"

त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर आई त्याच्या गालाशी बोलत होती. "ऐकतेस ना गं? लक्ष देऊ नकोस त्याच्याकडे. लहान आहे तो."

६

डावा डोळा पुढे आल्यासारखा वाटायला लागला तेव्हा तो डॉक्टरबाईंकडे गेला. त्यांनी नाक बधिर करून दुर्बीण आत घातली. बारीक नळी, टोकाला दिवा. समोरच्या पडद्यावर सगळं दिसतं. त्याने आधीही पाहिलं होतं, ओलसर गुलाबी बोळ, वळण, मग खोलीचं दार.

दारातून नळी आत गेली. खोली पांढरी होती.

त्याचा जन्म कापसात गेलाय. हाताला लागला की कोणता नवा, कोणता दोनदा पिंजलेला, तो सांगू शकतो. पडद्यावर होता तो पिंजलेल्या कापसासारखा दिसत होता, फुगवून नीट भरलेला, कोपरेसुद्धा भरलेले.

"कापूस नाही हं हा," डॉक्टरबाई जणू ओळखून म्हणाल्या. "अशीच दिसते ती. वाढलीये चांगलीच."

नळी थोडी पुढे सरकली. पांढऱ्यात मध्येच एक खळगा होता, जसा गादीला टाका घातल्यावर पडतो. खळग्याच्या तळाशी काहीतरी दोऱ्यासारखं. दोन वेढे. आणि शेवटी छोटासा फासा, वाकलेल्या कानासारखा.

डॉक्टरबाईंचा हात थांबला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"टाका आहे का हा?" त्याने विचारलं. नाकात नळी असल्यामुळे आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

"छे. आत मी टाका घालत नाही, कुणीच घालत नाही. धागे असतात बुरशीचे, गुंततात." मग त्यांनी नळी जरा वर वळवली. तिथे दुसरा खळगा होता. त्याच्या पलीकडे आणखी एक. सरळ ओळीत, वरच्या बाजूला, जिकडे उजेड पोचत नव्हता तिकडे. डॉक्टरबाईंनी नळी बाहेर काढली. जरा घाईनेच काढली.

"ही वरची भिंत आहे ना, डोळ्याच्या खालची, ती पातळ झालीये," त्या म्हणाल्या. "त्यापलीकडे गेली तर डोळा जाईल. आणि त्याही पलीकडे गेली तर..." त्यांनी चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं. "उद्या सकाळीच ये. उपाशी पोटी. यावेळी सगळं खरवडून काढू. घरचं कुणीतरी आण सोबत."

तो पायऱ्या उतरत होता तेव्हा डोक्यात एकच गोष्ट. गादीचे टाके कडेने सुरू होतात. ओळीओळीने आत येतात. शेवटचा टाका पडतो तो मधोमध. तो पडला की काम पुरं.

त्याने दोन्ही हातांनी आपलं डोकं चाचपलं. मधोमध कुठे येतं, ते.

७

संध्याकाळी आई बैठकीवर बसली होती, ताईच्या जागी. त्याने सगळं सांगितलं. पडद्यावरचा कान मात्र सांगितला नाही. सांगितला असता तर आई आनंदाने रडली असती, आणि ते त्याला बघवलं नसतं.

"उद्या नको जाऊस," आई म्हणाली.

"आई, डोळा जाईल माझा."

आईने गालाकडे पाहिलं. "दुसरा आहे ना रे," ती म्हणाली.

रस्त्यावरून एक हातगाडी गेली. समोर चावीवाला कानस घासत होता, तो आवाज येत होता. आईला आपण काय बोललो ते उशिरा कळलं. तिने पदर तोंडावर धरला. "तसं नाही बारक्या, तसं नाही म्हणायचं मला. पण ती परत गेली तर? एकदा गेली तेव्हा मी काय केलं? भांडी घासत होते रे मी. आत आले तर गेलेली. या वेळी मी बसून राहीन. हलणार नाही. मला बसू दे तिच्याजवळ."

"आई," तो म्हणाला, "मी पण आहे ना इथे."

आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. खूप दिवसांनी ठेवला. केसांतून फिरवला, कपाळावर आणला. त्याने डोळे मिटले. मग हात घसरत घसरत डाव्या गालावर आला आणि तिथेच राहिला.

उजेड कमी होत होता. आत काम चालू होतं, सर्रर्र, टक. "ताई, मशीन बंद" हे शब्द त्याच्या अगदी ओठावर आले. तीनच शब्द, लहानपणापासून रोज म्हटलेले. पण म्हटले आणि ती खरंच उठून गेली तर? ती काही फक्त आईचीच नव्हती. त्याला शाळेतून आणायला यायची तेव्हा तिच्या केसांत कापूस असायचा, पोरं हसायची, आणि ती त्यांनाही हसून हात करायची.

त्याने शब्द गिळले. आणि आयुष्यात पहिल्यांदा दिवस मावळून गेला तरी ताईला कुणी उठवलं नाही.

८

सकाळी तो उठला. पाणीसुद्धा प्यायचं नव्हतं, म्हणून नुसतं तोंड धुतलं. नाक धुतलं नाही. आज धुवायची गरजच नव्हती. आई अजून झोपलेली होती, भिंतीकडे तोंड करून, डावा गाल उशीत रुतलेला. त्याने भरून दिलेल्या उशीत.

तिला न उठवताच निघावं, असं त्याने ठरवलं. चपला हातात घेऊन दाराकडे गेला. खोलीत सर्रर्र झालं आणि जरा थांबून टक झालं. हे आता रोजचंच होतं. पण कडी काढताना त्याच्या लक्षात आलं की कडी वाजू नये म्हणून त्याने श्वास रोखून धरलाय.

तो तसाच उभा राहिला. तोंड बंद, नाक बंद, छाती गच्च.

सर्रर्र. टक.

मागून येत होतं. बिछान्यातून.

तो परत आला. चपला खाली ठेवल्या. आईजवळ गुडघे टेकून बसला आणि तिच्या गालाशी कान नेला, जसा ती त्याच्या गालाशी नेत होती. लवंगेचा वास आला. तिकडेही कुणीतरी बसलं होतं, घाई न करता, चांगलं मन लावून. किती ओळी झाल्या होत्या, कळायला मार्ग नव्हता. त्याला वाटलं, आपणही इथेच थोडा वेळ पडावं. नुसता थोडा वेळ. डॉक्टरबाई काय, वाट बघतील आणि दुसऱ्या माणसाला घेतील.

आईचा डावा डोळा उशीत होता. उजवा मिटलेला. पापणीच्या कडेला सुरकुत्या होत्या, आणि त्यातल्या एकीत कापसाची तूस अडकली होती. त्याने ती बोटाने काढली.

मग तो म्हणाला, आवाज चिरकला तरी म्हणाला, "ताई, मशीन बंद."

आत एक टाका अर्धा होता. सर्रर्र असा दोरा शेवटपर्यंत आला. टिचकी वाजली. त्यानंतर काही नाही. खोली इतकी शांत झाली की समोरच्या दुकानाचं कुलूप काढल्याचं ऐकू आलं.

आईने डोळे उघडले. मान वळवून थेट त्याच्या दोन्ही डोळ्यांत पाहिलं, गालाकडे नाही. कुठूनतरी लांबून आल्यासारखी बघत राहिली आणि म्हणाली, "बारक्या, तोंड किती सुकलंय रे तुझं. जेवलास का?"

"आज उपाशी राहायचंय, आई. तूपण काही खाऊ नकोस. ऊठ. तुलापण दाखवायचंय."

"मला काय झालंय?" असं म्हणत तिने नाक पुसलं. पदरावर तपकिरी डाग पडला. तिने तो पाहिला आणि मुठीत धरला.

त्याने नाकावर ओलं फडकं बांधलं, आईची उशी एका गोणपाटात घातली आणि मागच्या अंगणात नेऊन जाळली. धूर सरळ वर गेला. आई दारात उभी होती. तिने अडवलं नाही, नुसती उभ्या उभ्या लहान झाली.

मग त्याने तिच्या पायात चपला घातल्या, दुकानाला कुलूप लावलं आणि तिचा हात धरून निघाला. लांबचा रस्ता होता. तो लाजाळू, चार शब्द बोलायचे तर दोन गिळणारा. पण त्या सकाळी तो वाटभर मोठमोठ्याने बोलत राहिला. दुकानांच्या पाट्या वाचल्या, चावीवाल्याचे विनोद सांगितले, हवा कशी आहे ते सांगितलं, परत तेच सांगितलं. लोक वळून बघत होते. मध्ये एकदा आई म्हणाली, "जरा थांब ना रे." तो थांबला नाही. शांतता झाली असती, तर आत परत काम सुरू झालंय का, ते दोघांनाही ऐकू आलं असतं.